हेमांगी_लग्न_फायनल_३

देवगड स्टँडसमोर माझं झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन.
अकरा वर्षं झाली. मालवणी कळते,
जिभेवर बसत नाही.

हेमांगी कुबल आली तेव्हा
दुपारची कणकवली गाडी सुटलेली
आणि लाइट नुकतीच आलेली.
"बायोडाटा करूचो आसा."
मी सवयीने गणपतीचं चित्र उघडलं.
"तसलो नाय. नोकरीचो."

रत्नागिरीची कंपनी, कोळंबी गोठवून बाहेर पाठवणारी.
पद गुणवत्ता सहाय्यक.
शेवटची तारीख उद्या.

तिची फाइल होतीच माझ्याकडे,
तीन वर्षांपूर्वीची,
तिच्या मामांनी उभ्या उभ्या सांगितलेली.
आता ती स्वतः स्टुलावर,
आणि कर्सर लुकलुकतोय श्री गणेशाय नमःच्या पुढे.
"हे ठेवायचं?"
"देवाक मुलाखतीक कशाक न्हेवचो?"

मग पुसत गेलो.
रास. नाडी. गण. उंची.
कुळदैवत. मामांचं गाव.
वर्ण निमगोरा (इथे बॅकस्पेस जरा जोरात).
अपेक्षा: निर्व्यसनी, स्वतःचं घर.
"ही ऱ्हवांदे," हसली, "कंपनी निर्व्यसनी आसली तर बरां."

उरलं नाव, जन्मतारीख,
आणि 'गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ'.
किती जणींना चिकटवले असतील मी हे दोन शब्द,
पानावर जागा उरली म्हणून.

"अनुभव?"
"काय नाय."
"सकाळी काय करतेस?"
"काय नाय. बंदरार जातंय."
"कशाला?"
"लिलावाचो हिशोब लिवक. बाबांक बरोबर दिसणा नाय."
"किती होड्यांचा?"
"आधी आमची एक. आता सात."
"कधीपासून?"
बोटं मोजली. "पाच वर्सां."

मी टाइप केलं:
सात नौकांच्या दैनंदिन लिलावाच्या नोंदी, पाच वर्षे.
ती इतकी पुढे वाकली
की स्क्रीनवर तिचा श्वास उमटला.
"ह्यां माझां?"

मग सुटली.
कुठल्या टोपलीत बर्फ किती, ते तीच सांगते.
कल्ल्याचा रंग बघते, डोळा बुडालाय का बघते,
सुरमईला बोट लावते, खड्डा भरून येतो की राहतो.
"कधी चुकलीस?"
"एकदा. मे म्हयन्यात. शंभर किलो बांगडे गेले."
"ते नको लिहूया."
"लिवा नको. पण इचारल्यानी तर सांगतलंय."

'मेहनती' तिनेच सुचवला.
म्हटलं, मेहनती सगळेच असतात गं,
सात होड्या कोणाकडे नसतात.
ईमेल क्यूटहेमू झिरो झिरो सेव्हन. तो बदलला.
नाव मार्कलिस्टवर जसं, तसंच.

छंदापुढे मी न विचारताच 'वाचन' मारतो.
"मी खंय वाचतंय?"
"मग?"
"मोबाइलार वाऱ्याचो अंदाज बघतंय.
सांजेक खरो वारो वहीत लिवतंय.
कोण चुकता तां बघूक."
वाचन पुसलं.
हे छंदात नाही ठेवलं, वर नेलं, होड्यांच्या खाली.

जुना फोटो मामीच्या साडीतला,
मागे माझ्याच सॉफ्टवेअरचं ट्युलिपचं शेत.
नवा शटरशेजारच्या भिंतीसमोर काढला,
उन्हात डोळे किलकिले. तसाच राहू दिला.

सगळ्यात खाली मी नेहमीची ओळ टाकली:
वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.
तिने दोनदा वाचली.
"ही लग्नाच्यात नव्हती."
"नव्हती."
"म्हणान थंय पाच-तीन लिवलात?"
"मामा म्हणाले होते..."
"पाच-एक आसंय मी."

उंचीचा रकाना कधीच गेला होता.
तरी मी माउसने वर जाऊन
ती रिकामी जागा एकदा बघून आलो.

पहिल्या प्रिंटवर शाईची पांढरी रेघ.
दुसरी बरी आली.
वीस रुपये, दहाच्या दोन नाणी, जरा ओलसर.
घडी घालू नकोस म्हटलं,
तर भरलेली परात न्यावी
तसा कागद दोन्ही हातांवर आडवा धरून
पायऱ्या उतरली.

संगणक विचारतोय: जुनी फाइल बदलायची का?
मागे एक जण केव्हापासून
सातबारा हातात घेऊन उभा.